डावी बाजू कोरी

“श्वास तरी घ्यायचा ना, मावशी?”

एमआरआयच्या पाटावर आडव्या झालेल्या आठ वर्षांच्या मुलीने मला हे अगदी मनापासून विचारलं.

“घे बाई, श्वास घे,” मी म्हटलं, “नाहीतर तुझी आई मला सोडायची नाही. पण बाकी सगळं बंद. हात बंद, पाय बंद, जीभ बंद. नाक खाजलं तरी बंद. आतबाहेर एकदम गपगार. पुतळा म्हणजे पुतळा!”

“कळलं,” ती म्हणाली आणि डोळे मोठे करून वरच्या आरशात बघू लागली. त्या आरशात समोरचा पडदा दिसतो.

थोडी फुशारकी मारते, माफ करा. बावीस वर्षं मी याच खोलीत फोटो काढते आहे, आणि लहान मुलांना स्थिर ठेवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. इतर ठिकाणी पोरांना झोपेचं औषध देतात. माझ्याकडे पुतळ्याचा खेळ असतो. मोठी माणसं आत घातली की “अहो बाई, बाहेर काढा” म्हणून ओरडतात, पण माझी पोरं हूं की चूं करत नाहीत.

या पोरीला तर झोपवून चालणारच नव्हतं. वर्गात दोनदा फिट आली म्हणून तपासणी झाली, तेव्हा डाव्या कानाच्या वर, मेंदूत लिंबाएवढी गाठ निघाली. ती काढायची, पण त्याच भागात माणसाची भाषा असते. बहुतेकांची असते, सगळ्यांची नाही. म्हणून सर्जननी चार प्रकारचे फोटो मागितले होते. एकात गाठ कुठे आहे ते दिसतं. दुसऱ्यात, म्हणजे पेट स्कॅनमध्ये, गाठीचा कुठला भाग जोरात वाढतोय ते दिसतं. तिसऱ्यात मेंदूच्या आतल्या तारा कुठून कुठे जातात ते. चौथा मात्र पेशंट जागा असतानाच काढावा लागतो. पडद्यावर चित्र येतं, त्या वस्तूचं आपण काय करतो ते मुलाने मनातल्या मनात म्हणायचं. चेंडू आला की फेकते, झेलते. मनात शब्द आला की मेंदूचा तेवढा भाग उजळतो. मग चारही फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे आणि कुठून आत शिरायचं ते ठरवायचं.

हे सगळं मी तिला समजावलं होतं, अगदी नीट. आणि मग, शेवटी, पुतळ्याचं सांगितलं होतं.

तिची आई शाळेचे गणवेश शिवायची. बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी ती ओढणीचं टोक पिळत बसली होती. “ताई, घरी हिला आम्ही भिंगरी म्हणतो,” ती म्हणाली. “जेवतानासुद्धा एका जागी बसत नाही. ही राहील का स्थिर?”

भिंगरी राहिली! चाळीस मिनिटं. अर्धा मिलिमीटरसुद्धा डोकं हललं नाही. मी खूश होऊन कागदावर लिहिलं, ‘सहकार्य उत्तम’. तिला खाली उतरवून पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बैठक होती. चित्रं फिरवून दाखवायला कॉम्प्युटरवर मी बसले होते. सर्जन उभे, आणि आमच्या फोटो वाचणाऱ्या मॅडम खुर्चीत. एकेक चित्र मी वरून बसवत गेले. गाठ आली. पेट स्कॅनचा लाल भाग आला. तारा आल्या. शेवटी मनातल्या शब्दांचं चित्र आलं.

डावी बाजू कोरी. उजवीकडे दोन-चार फिकट ठिपके.

“मुलगी डावखुरी आहे,” मॅडम म्हणाल्या. “भाषा उजवीकडे असू शकते. ठिपके फिके आहेत खरे, पण सहकार्य उत्तम लिहिलंय. हलली अजिबात नाहीये.”

“या म्हणाल्या म्हणजे हललीच नसणार,” सर्जन माझ्याकडे बघून हसले. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “छान. म्हणजे उद्या सकाळी इथून सरळ आत. पुढच्या कडेने. सगळी गाठ निघेल.”

कौतुकाने खरं तर मी फुगायला हवं होतं. पण माझी नजर तारांवर अडकली. डाव्या बाजूला तारांचा चांगला जाडजूड जुडगा होता, कमानीसारखा मागून पुढे आलेला. उजवीकडचा त्याच्या मानाने काडी. माझ्या मनात आलं, घर रिकामं असेल, तर दारापर्यंत एवढा मोठा रस्ता कशाला? मेंदूच्या मागचा, बघण्याचा भाग मात्र लख्ख उजळला होता. म्हणजे पोरगी झोपलेली नव्हती, चित्रं बघत होती. मग मनात काय करत होती?

बैठकीत मी काही बोलले नाही. का नाही बोलले? स्वतःच्या सहीचा कागद समोर पडलेला असताना जीभ उचलत नाही, म्हणून. खोटं कशाला सांगू.

बैठक संपली तशी मी थेट वर मुलांच्या वॉर्डात गेले. भिंगरी पलंगावर उभी राहून खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्यांचे रंग मोजत होती. आई औषधं आणायला गेली होती.

“काय गं,” मी सहज विचारल्यासारखं केलं, “काल चेंडू दिसला तेव्हा मनात काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“आणि बादली?”

“काहीच नाही.”

“अगं, मी सांगितलं होतं ना, मनात म्हणायचं?”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच ढ आहे. “तू नंतर म्हणालीस ना, आतबाहेर गपगार? पुतळा मनात बोलतो का? मला सारखे शब्द येत होते, पण मी आतमध्ये दाबून धरले. एकदाच ‘कात्री’ निसटलं.” मग जरा घाबरून म्हणाली, “त्याने बिघडलं का?”

“नाही गं राणी. तुझं काही नाही बिघडलं.”

बावीस वर्षं ज्याच्यावर मिरवले, त्याच खेळाने घात केला होता. पोरीने माझं इतकं ऐकलं होतं, की मेंदूसुद्धा बंद करून ठेवला होता!

जिना उतरताना मी स्वतःशी झगडत होते, ते सांगायला लाज वाटते. आज गप्प बसले तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. पोरगी मुकी झाली, तर मोठं ऑपरेशन होतं असंच सगळे म्हणाले असते. तिच्या आईने उलट माझेच हात धरले असते, ताई तुम्ही किती केलंत म्हणून. हे मनात आलं आणि मी उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळत उतरले.

सर्जन जेवायला बसले होते. मी दारातच उभी राहिले. “सर, तो चौथा फोटो धरू नका. मुलीने मनात शब्द म्हटलेच नाहीत.”

घास हातातच राहिला. “म्हणजे मॅडमचा रिपोर्ट चुकला?”

“मॅडमनी जे दिसलं ते वाचलं. चूक माझी आहे. मी तिला आतबाहेर गप्प राहा म्हणून सांगितलं. आणि ती राहिली.”

“आणि हे आज सांगताय? उद्या आठ वाजता मी तिचं डोकं उघडणार आहे!”

“आजच कळलं, सर. ओरडायचं ते नंतर ओरडा. आज मशीनवर एक जागा काढते, तेवढी परवानगी द्या.”

ते ओरडले मात्र तेव्हाच. बाहेरच्या शिपायालाही ऐकू गेलं. ओरडून झाल्यावर डबा बाजूला सारला आणि म्हणाले, “चार वाजता. मी स्वतः येतो.”

चार वाजता गुडघ्याचा फोटो काढायला येणाऱ्या पेशंटला मी पाया पडून दुसऱ्या दिवशी बोलावलं. भिंगरीला परत पाटावर घेतलं. या वेळी सांगितलं, “डोकं हलवायचं नाही, बस. मनात मात्र वाट्टेल तेवढी बडबड कर. आरडाओरडा कर. मनातलं मला ऐकू येत नाही, फक्त दिसतं.”

“खरंच ऐकू येत नाही?”

“शप्पथ.”

चित्रांची प्रत्येक फेरी झाली की मी माइकवरून तिला विचारायचे, काय काय म्हणालीस. यंत्र थांबलेलं असताना ती खणखणीत उत्तरं द्यायची. “बादली ओतते. कात्री, कापते. पतंग उडवते. आणि झाडू आला तेव्हा म्हटलं, आई मारते.”

“अगं बाई!” तिची आई माझ्या शेजारी उडालीच. “एकदाच मारला होता हो, ताई! तोही कपड्यावर शाई सांडली म्हणून!”

सर्जन मागे उभे होते. त्यांना हसू आवरेना. आणि मग हसता हसता ते पुढे वाकले, कारण पडद्यावर चित्र उमटायला लागलं होतं. डावी बाजू केशरी झाली. गाठीच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून, जिथे सकाळी त्यांनी बोट ठेवलं होतं, नेमकी तिथे.

मॅडमना बोलावलं, त्यांनी दोनदा तपासलं. मग सर्जननी तिच्या आईला समोर बसवून सगळं सांगितलं. “पुढून जायचं नाही. मागून, खालच्या अंगाने जाऊ. वाढणारा भाग सगळा काढतो. शब्दांना चिकटलेली कड मात्र तशीच ठेवावी लागेल, नखाएवढी. तिच्यासाठी पुढे औषधं घ्यावी लागतील, दर तीन महिन्यांनी फोटो काढावे लागतील. वर्षानुवर्षं.”

आईला आधी वाटलं होतं, उद्या सगळं संपेल. तिने डोळे पुसले. “पण बोलेल ना?”

“आता बोलावी,” सर्जन म्हणाले. शब्द देत नाहीत ते कधी.

ऑपरेशन सहा तास चाललं. संध्याकाळी शुद्धीवर आलेल्या पोरीने सांगितल्यावर हात दाबला, पाय हलवला. बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नुसती बघायची. सर्जन म्हणाले, सूज आहे, उतरेल. मीही तेच घोकत होते. पण माणसांच्या मणक्यांचे फोटो काढताना माझं लक्ष लागत नव्हतं. आपण उशीर केला का, आपल्या हातून आणखी काही राहिलं का, हेच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी कामावर येताच आधी वर गेले. वॉर्डाचं दार लोटलेलं होतं. हात दाराला लावला आणि आतून आवाज आला. घोगरा, थकलेला, पण चिडलेला.

“कोणाला विचारून कापले माझे केस?”

“बाळा, डॉक्टरांना कापावे लागले गं.” आई रडतही होती आणि हसतही होती.

“मग एका बाजूचेच कशाला कापले? दोन्हीकडचे कापायचे ना! आता मी शाळेत कशी जाऊ? आणि तू होतीस ना तिथे? तू का नाही सांगितलंस त्यांना?”

मी भिंतीला टेकले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाजूने जाणारी नर्स “काय झालं हो?” म्हणून विचारत होती. मी तिला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. ऐकू दे म्हटलं.

आत ती आईला झापत होती. केसांवरून रिबिनीवर आली, रिबिनीवरून वर्गातल्या मैत्रिणीवर. मधेच एखादा शब्द अडायचा. ती थांबायची, शोधायची, आणि सापडला की आणखी जोरात म्हणायची.

खाली माझा पहिला पेशंट खोळंबला होता. ती बोलायची थांबली की जाऊ, असं ठरवून मी दाराबाहेर उभी राहिले. ती काही लवकर थांबली नाही.