बेकरीवाल्याच्या हातावरची गांधी

बेकरीवाल्यालाच पीठ सोसेना, आता बोला! भट्टीपाशी उभा राहिला की शिंका, धाप, डोळ्यांतून धारा. "पिठाची ॲलर्जी निघाली तर धंदा सोडावा लागेल," असं डॉक्टरबाई म्हणाल्या. भट्टी बापाने उभारलेली, आणि दुसरं काही म्हणता काही येत नाही त्याला.

मग पठ्ठ्याने शक्कल लढवली. तपासणीआधी शिंकांच्या गोळ्या बंद ठेवायला सांगितल्या होत्या, त्या याने चोरून खाल्ल्या.

बाईंनी हातावर ओळीने पिठाबिठाच्या अर्काचे थेंब ठेवले, प्रत्येकात सुई टोचली. "कातडीखाली मास्ट पेशी दबा धरून असतात, हिस्टामिनने ठासून भरलेल्या. नावडतं काही आलं की ते बाहेर फेकतात, गांधी उठते. रक्तात फिरणाऱ्या बेसोफिल पेशीही त्यांना सामील होतात."

"म्हणजे सासूबाई घरात आणि नणंद गावभर," सोबत आलेली बायको म्हणाली. "भांडणाला दोघी हजर!"

हात मात्र स्वच्छ राहिला. बेकरीवाला मनातल्या मनात नाचत होता. बाई शेवटच्या थेंबावर वाकल्या.

"इथे मी नुसतं हिस्टामिन टोचलंय. जिवंत माणसाला गांधी उठतेच. तुम्ही एक तर मेलाय, नाहीतर गोळ्या खाल्ल्यात."

"मेले नाहीत," बायको म्हणाली. "सकाळीच भांडलेत माझ्याशी."

याचा चेहरा पडला. "बाई, भट्टी गेली तर मी करू काय?" तो काकुळतीने म्हणाला. बाईंचा राग निवळला. "गोळ्या बंद करून या. भट्टीवर वापरता ते सगळं आणा."

पुढच्या खेपेला टोचून झाल्यावर त्याने डोळे घट्ट मिटून हात बायकोपुढे केला. "अगं, तूच बघ."

"पिठाला काही नाही हो! पण इथे ही केवढी गांधी उठलीय!"

ती पाव फुगवायच्या पावडरीची होती. समोरच्या दुकानाचे टम्म पाव बघून याने हौसेने आणलेली.

"पावडर सोडा, भट्टी ठेवा," बाई म्हणाल्या.

बेकरीवाला तिथेच लहान पोरासारखा रडला.

"बाई फसल्या असत्या," बायको म्हणाली, "तर ती पावडर हुंगत हुंगत गेला असतात, आणि मी जन्मभर पिठाला शिव्या दिल्या असत्या."

घरी जाताना हात मरणाचा खाजत होता, तरी बाही वर करूनच चालला, आणि भेटेल त्याला थांबवून ती गांधी दाखवत सुटला.