उजेडातलं बोलणं

दसरा झाला की जुने माग काढून टाकायचे, असं मालकानं सांगितलं. नवे माग येणार होते. एकेक माणूस डझनभर माग सांभाळणार होता, आणि त्या माणसांत रामहरीचं नाव नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सतरा वर्षं टॉवेल विणून त्याची बोटं अशी झाली होती, की तुटला धागा न बघता जोडावा. पण नव्या मागाला असल्या बोटांचं काही अप्रूप नव्हतं.

"बारावी सायन्स हाय की तुमची," वैजयंती नवऱ्याला म्हणाली. "गल्लीतल्या समद्यांचे मोबाईल तुमीच नीट करून देता. कम्प्युटरचा कोर्स करा. नेटवर्किंगचं सर्टिफिकेट असलं की कंपनीत घेत्यात म्हनं."

रामहरी व्हय म्हणाला. हसून म्हणाला. आणि मग क्लास शोधता शोधता वैजयंतीचं डोकं फिरायची वेळ आली.

आधी मोबाईलवरचा ऑनलाइन कोर्स झाला. दहा मिनिटांत त्यानं तो बंद केला. "ह्यात मानूस दिसतच न्हाय. नुसता बाण फिरतोय पडद्यावर."

"फिरू दे की बाण. कान हायत न्हवं ऐकायला?"

तो उठून पाणी प्यायला गेला.

मग विजापूर वेशीजवळचा एक क्लास तो एकटाच बघून आला. "त्यो मास्तर फळ्याकडं तोंड करून बोलतोय," म्हणाला.

"मंग काय तुमच्या तोंडाकडं बघत बसंल? नवी नवरी हायसा व्हय तुमी?"

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली सासू बजाबाई खुदकन हसली. रामहरीही हसला, पण जरा उशिरानं, आईचं तोंड बघून.

वैजयंती मनात म्हणाली, ह्यांच्या मनातच नाही. माझ्यासोबत नवं काही मांडायचं ह्यांच्या मनात उरलेलंच नाही.

असं वाटायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी श्रावणात तिची पोर पोटातच गेली, सातव्या महिन्यात. जड उचलू नको असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. वैजयंती घरी टॉवेलच्या कडा शिवायची. ऑर्डर निघायची होती, तिनं गठ्ठे उचलले. पहाटे कळा आल्या. शेजारी झोपलेल्या नवऱ्याला तिनं हाका मारल्या. डबल पाळी करून आलेला माणूस, उठला नाही. शेवटी बजाबाईनं गदगदा हलवून उठवला.

दवाखान्यातून घरी आल्यावर, दिवा मालवल्यावर, तिनं त्याला विचारलं होतं. घर एका खोलीचं, दाराशी सासू निजलेली, म्हणून हळू, अगदी श्वासात विचारलं, "माझ्यामुळं गेली का वो ती?"

तो उताणा पडून होता. बोलला नाही.

चार दिवसांनी पुन्हा विचारलं. वर्षश्राद्धासारखं, वर्षानं आणखी एकदा. तो बोलला नाही.

दिवसाउजेडी मात्र हाच माणूस नव्या पेठेतून तिच्यासाठी मोगऱ्याचा गजरा आणायचा, तिच्या ताटातली करपलेली भाकरी आपल्या ताटात ओढायचा. उजेडात हा माझी कीव करतो, ती म्हणायची, आणि अंधारात खरं सांगतो. ते खरं तिनं तीन वर्षं पदरात बांधून ठेवलं होतं.

आता सात रस्त्यावरचा काचेचा क्लास तेवढा राहिला होता. रविवारी तिथं फुकट लेक्चर होतं. वैजयंती म्हणाली, मीबी येते, बघते तर खरं काय खोट काढताय ते.

निघताना बजाबाई जात्यावर नव्हती, पण तोंडात जात्याचंच गाणं होतं. निवडायला घेतलेल्या ज्वारीत बोटं फिरवत ती आपल्याशीच म्हणत होती,

*लेकाच्या ग मागावरी, धागा तुटे धागा जुळे,*
*बोल माझा तुटलेला, कुनाच्या ग हाती मिळे.*

रामहरी तिच्याकडं पाठ करून बुटाची नाडी बांधत राहिला.

क्लास थंडगार होता. भिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो. अजिनाथ सर म्हणून एक तरतरीत माणूस होता, बोलण्यात साखर. तो 'शंभर टक्के नोकरी' असं तीनदा म्हणाला. रामहरी त्याच्याकडं असा टक लावून बघत होता, की वैजयंतीला बरं वाटलं. चला, जमलं एकदाचं.

मग सर म्हणाले, "लाइट बंद करा रे." भिंतीवर निळं चित्र उमटलं, खोली काळी झाली, आणि काळोखातून सरांचा आवाज येऊ लागला. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "मागच्या रांगेतले दादा, निळा शर्ट! तुम्ही आत्ता काय काम करता?"

रामहरी बोलला नाही.

"दादा, तुम्हालाच विचारतोय."

पुढची पोरं मागं वळून हसली. रामहरी भिंतीकडं बघत होता. हा गप्पपणा वैजयंतीच्या ओळखीचा होता. ह्याच्या शेजारी ती तीन वर्षं निजली होती.

ती त्याच्या कानाशी वाकली आणि श्वासात, खोटंच म्हणाली, "अवो, घरी आई पडल्यात."

त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

दिवे लागले तसा तो तिच्याकडं वळला, आणि त्याची नजर पहिली गेली ती तिच्या ओठांवर. नेहमीसारखी. लग्नाच्या पहिल्या सालात तिला वाटायचं, हा भाळलाय आपल्यावर. तेव्हा असेलही भाळला. नंतर कधीतरी ती नजर कामाची झाली, आणि वैजयंतीला कळलं नाही.

तिनं त्याचा हात धरला आणि जिना उतरली. खाली रिक्षांचा गोंगाट होता. त्याच्यासमोर उभी राहून ती म्हणाली, "कवापासनं?"

तो आधी "काय? काय?" करत राहिला. मग खांदे पडले.

"सात-आठ वर्सं झाली. आदी पाखरांचं गेलं. मंग आईचं गानं गेलं. मान्सांचं बोलनं येतं, पन गोधडीत तोंड घालून बोलल्यागत. तोंड दिसलं की कळतं."

"सांगितलं का न्हाय?"

"माग सोडा म्हनली असतीस. खायचं काय? शेडमधी कुनालाच कुनाचं ऐकू येत न्हाय, वैजा. तितं मी धडधाकट हाय."

हे तिला ठाऊक होतं. लग्नानंतर दोन वर्षं ती त्याच शेडमध्ये घड्या घालायला जायची. मागांच्या खडखडाटात तिथं आवाज कुणी काढतच नाही. ओठ हलवायचे, बोटं हलवायची. चार माग पलीकडून हा तिला नुसत्या ओठांनी विचारायचा, जेवलीस का? तीही तसंच सांगायची. आवाज बुडतो म्हणून काढलेली बोली. त्या बोलीच्या आड एक माणूस हळूहळू बुडत गेला, आणि कुणाला दिसलं नाही.

"चला," ती म्हणाली.

"कुटं?"

"क्लास बघायचाय न्हवं?"

नव्या पेठेत कापडाच्या दुकानावर माडीत एक लहानसा क्लास होता. सहा कम्प्युटर, एक पंखा. पूनम मॅडम नावाची पस्तिशीची बाई एकटीच सगळं बघायची. वैजयंतीनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "मॅडम, ह्यांना ऐकू येत न्हाय. तोंड बघून कळतं."

रामहरीची मान खाली गेली. सात-आठ वर्षांत कुणी ते असं मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

मॅडमनी आपली खुर्ची उचलली, खिडकीच्या उजेडात आणून ठेवली, आणि त्याच्यासमोर बसल्या. "दादा, वर बघा. नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटवर पहिली नोकरी बहुतेक हेल्पडेस्कची लागते. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. तो कोर्स मी तुम्हाला देणार नाही."

वैजयंती पुढं झाली.

"दुसरं काय न्हाय का?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग आहे. प्रोग्रॅम चालवून बघायचा, चुका शोधायच्या, लिहून द्यायच्या."

"टॉवेलात एक तार चुकली तर मला लांबनं दिसती," रामहरी म्हणाला.

"तेवढ्यानं नाही भागत, दादा. इंग्रजी लागेल. वर्ष तरी जाईल. आणि नोकरी लागेलच असं मी सांगत नाही. लागली तर पुण्यात लागेल. आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि पहिल्या बाकावर बसा. मी फळ्यावर लिहून झाल्याशिवाय बोलणार नाही."

रामहरी वैजयंतीकडं वळून म्हणाला, "हितंच. न्हाय म्हनताना बी तोंड फिरवलं न्हाय हिनं."

खाली उतरले तर पेठ गर्दीनं फुगली होती. तीन वर्षं अंधारात फिरवलेला प्रश्न आता उजेडात काढायला हवा होता, आणि भर बाजारात तो आवाजानं काढवत नव्हता. एका बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीशी वैजयंती थांबली, त्याच्यासमोर उभी राहिली, आणि शेडमधल्यासारखे नुसते ओठ हलवले.

माझ्यामुळं गेली का वो ती?

त्यानं वाचलं. पुन्हा सांग, अशी बोटं हलवली. तिनं पुन्हा सांगितलं. आणि मग तिचे ओठ म्हणाले, तीनदा इचारलं. अंधारात.

तोही आवाज न काढता बोलू लागला. न्हाय. न्हाय, वैजा. तू त्या पहाटं मला हाका मारल्यास. आईनं सांगितलं मागनं. हातभर अंतरावर हुतो मी, आनि मला ऐकू आल्या न्हाईत. बहिरा हाय म्हनून सांगितलं असतं, तर तुज्या हाका ऐकल्या न्हाईत त्ये बी सांगावं लागलं असतं.

बांगड्यावाल्याला वाटलं, दोघं मुकी आहेत. त्यानं त्यांना सावलीत सरकायची खूण केली.

मला वाटायचं, रामहरीचे ओठ म्हणाले, दिवा गेला की तू माझ्याशी बोलतच न्हाईस. त्या पहाटंपासनं. मी म्हनायचो, बरोबर हाय तिचं.

एवढं म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. ते मात्र आवाजासकट फुटलं. आपण केवढ्यानं रडतोय, ते त्याला कळत नव्हतं. अख्खी नवी पेठ वळून बघू लागली, रिक्षा थांबली, दुकानातल्या बायका बाहेर आल्या.

वैजयंतीनं त्याला गप्प केलं नाही. तिनं त्याचं तोंड आपल्याकडं वळवून धरलं, आणि तो आवाज दोघांच्या वाटचा ऐकत ती तिथंच उभी राहिली.