मावशीचं चौथं पडणं

"ऊठ गं," टोपीवाला म्हणाला. घोडी वाळूत तशीच आडवी. भोवती टाळ्या चालल्या होत्या. "ऊठ गं बाई," तो पुन्हा म्हणाला, तेव्हा कुठे ती पुढचे पाय रोवून उठली आणि अंग झाडत त्याच्याकडे आली. टाळ्यांच्या नादात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. टोपीवाल्याच्या मात्र आलं. सोळा वर्षांत तिला दोनदा कधी सांगावं लागलं नव्हतं.

लढाईच्या सिनेमात रिकामं खोगीर घेऊन धावत येणारी आणि गोळी लागून कोसळणारी घोडी म्हणून तिचं नाव होतं. सेटवरच्या निम्म्या लोकांपेक्षा ती या धंद्यात जुनी, म्हणून सगळे तिला मावशी म्हणत. पडण्याची खूण साधी होती. टोपीवाल्यानं डोक्यावरची टोपी काढली, की मावशी पडायची. त्यामुळे तिच्या नजरेसमोर एरवी तो टोपीला हात लावत नसे. बायको गेली त्या दिवशी सगळे उघड्या डोक्यानं उभे होते आणि हा एकटा टोपी घालून. नातेवाइकांनी नावं ठेवली. अंगणात मावशी बांधलेली आहे, हे कुणाकुणाला समजावत बसणार?

दिग्दर्शकाला अजून एकदा हवं होतं. ढग नुकताच सरकला होता आणि उजेड आत्ता कुठे त्याच्या मनासारखा पडला होता. पण दिवसाला तीनदाच पाडायचं असा नियम, आणि प्राण्यांच्या देखरेखीला नेमलेल्या डॉक्टरीणबाई नियमाला पक्क्या. दिग्दर्शकानं अगदी गोडीत मांडलं, की सकाळचं पहिलं पडणं कॅमेरा सुरू व्हायच्या आधीचं. ती आपली नुसती तालीम. बाई तेव्हा पिण्याच्या पाण्याची टाकी बघायला गेल्या होत्या. त्या टोपीवाल्याकडे वळल्या.

"काका, तुम्ही सांगा. तालीम होती का? तुमचा शब्द मी धरीन."

हो म्हणणं काही जड नव्हतं. मावशी कधी नाही म्हणत नाही, अशी बढाई त्यानं स्वतःच जागोजाग मारलेली. आणि खरं बोलावं तर पुढच्या वेळी बोलावणार कोण? घोडीशिवाय आपल्याला इथे कुत्रं ओळखत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याला भीती वाटली, अगदी सरळ भीती. त्यानं मावशीकडे पाहिलं. ती पुढच्या उजव्या खुराचं टोक तेवढं वाळूला टेकवून, भार डाव्या पायावर टाकून उभी होती.

"तालीम कॅमेऱ्याची असेल. गुडघा तोच," तो म्हणाला. "तीन झाले, बाई. आणि मगाशी उठायला दोनदा सांगावं लागलं. तेही लिहा."

बाईंनी गुडघा बराच वेळ चाचपला आणि कागदावर लिहिलं, की या घोडीला इथून पुढे पडण्याचं काम देऊ नये. दिग्दर्शकाचं तोंड एवढंसं झालं. पण पोरगा स्वभावानं चांगला. त्यानं मावशीच्या मानेवर थोपटलं, जे मिळालंय त्यात भागवतो म्हणाला आणि तंबूत गेला. दिवेवाले, कपडेवाली, एकेक जण येऊन तिला हात लावून गेलं.

दुपारी घोडी न्यायची गाडी फाटकाशी लागली. मावशी फरसबंदीवर उभी होती. डॉक्टरीणबाई निरोप घ्यायला आल्या.

"काका, बारा वर्षं हे काम करते. आपल्याच जनावराविरुद्ध असं कुणी लिहायला लावलं नव्हतं."

टोपीवाला त्यांच्याकडे वळला. काम तर संपलंच होतं. त्यानं मोठ्या आदरानं डोक्यावरची टोपी काढली.

मागे दगडावर नाल वाजले. तो गर्रकन वळला, तोवर मावशी गुडघे टेकून कुशीवर झाली होती. डोळे मिटून, शिकवल्याप्रमाणे, निपचित.

बाई धावल्या. गुडघा सोलवटला होता. हाड शाबूत होतं. टोपीवाला तिच्या तोंडाशी फरशीवर बसला. ऊठ म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्यानं टोपी घातली आणि तिच्या कपाळावर हात ठेवून तो नुसता बसून राहिला. गाडीवाल्याला बाईंनी खुणेनं थांबवलं. बऱ्याच वेळानं मावशीनं एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि आपली आपण उठली. तिची आयाळ धरून मग तोही उठला.

संध्याकाळी लेकीनं ताट वाढलं. काय झालं ते गाडीवाल्यानं तिला सांगितलं होतं.

"बाबा, आता तरी ती टोपी काढून जेवा. काम सुटलं ना?"

टोपीवाल्यानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या तबेल्यात मावशी दारावर मान टाकून घराकडे बघत उभी होती.

"तिला दिसतं इथून," तो म्हणाला, आणि टोपी नीट बसवून त्यानं ताट पुढे ओढलं.