फळ्यावरचं नाव

द्वारका चौकाजवळच्या मळेवस्तीत देवळाबाहेर एक फळा होता. बी. एस्सी. होऊन नोकरीची वाट पाहणारा जीवन सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यावर रोज एक इंग्रजी शब्द लिही आणि खाली तो वापरलेलं वाक्य. अर्थ संध्याकाळी पोरांना सांगे. उदाहरणाशिवाय शब्द डोक्यात राहत नाही असं त्याचं ठाम मत, म्हणून वाक्यांत वस्तीतलीच नावं. ‘मंगलाबाई इज ब्रेव्ह’ लिहिलं, त्या दिवशी मंगलाबाईंनी त्याला पोहे खाऊ घातले होते.

“आमचं नाव कधी टाकता, जीवनभाऊ? का आम्ही भाडेकरू?” गुलछडीची फुलं पिकवणारा मल्हारी सारखा टोचायचा. शेवटी एका सकाळी जीवनने लिहिलं, ‘मल्हारी इज लेझी.’ लिहिताना त्याला हसूही आलं.

त्याच दुपारी निफाडहून मल्हारीला बघायला पाहुणे आले: मुलीचे मामा आणि कॉलेजात शिकणारा भाऊ. मल्हारीने त्यांना आधी फळ्यापाशीच नेलं.

“हे आपलं नाव. इंग्रजीत! पोरांनी वाचून दाखवलं, मल्हारी इज लेझी!”

“अर्थ काय हो?” मामांनी तिथेच उभ्या असलेल्या जीवनला विचारलं.

जीवन चटकन म्हणाला, “शांत स्वभावाचा.”

मुलीचा भाऊ त्याच्याकडे बघत राहिला.

मल्हारीने जीवनलाही आग्रहाने चहाला नेलं. मामांनी मळ्याची चौकशी केली, तसा मल्हारी खुलला. “मी पहिल्यापासून लेझी, मामा. आईला विचारा. लेझी माणसाचाच संसार टिकतो.”

भावाला चहाचा ठसका लागला. हसू दाबता दाबेना.

जीवनने कप खाली ठेवला. “लेझी म्हणजे आळशी. मी खोटं सांगितलं. हा रोज अंधारात तोडणीला जातो, मी बघतो ना. ते नुसतं उदाहरण होतं.”

“उदाहरणच द्यायचं होतं,” मामा म्हणाले, “तर ह्यांचंच नाव का सुचलं?”

जीवन बशीत सांडलेला चहा कपात ओतू लागला. मामा टोपी नीट करत उठले. “विचार करून कळवतो.”

ह्या वाक्याचा अर्थ त्या घरात कुणाला सांगावा लागला नाही.

पाहुण्यांना रिक्षात बसवून मल्हारी परत आला. जीवन दारातच उभा होता.

“मल्हारी, मी जाऊन बोलतो त्यांच्याशी.”

“ऱ्हाऊ द्या. मामांनी विचारलं त्याचं उत्तर तेवढं द्या. माझंच नाव का?”

“तुला वाचता येत नाही म्हणून.”

“हां,” मल्हारी म्हणाला, आणि उष्टे कप गोळा करायला आत गेला.