काळा ठोकळा

ट्वायला ह्रुस्काने कॉलेजची दोन वर्षं एका वाक्यात उरकली होती. सहा वर्षांपूर्वी, हॅव्हरली या लहानशा गावच्या भगिनीमंडळात ती पहिल्यांदा चहाला गेली, तेव्हा कोणीतरी सहज विचारलं, "तू कुठे शिकलीस?" आणि ती म्हणून गेली, "कर्नीच्या टीचर्स कॉलेजात, दोन वर्षं. मग लग्न झालं." विचारणारीने मान हलवली आणि केकची बशी पुढे केली. विषय तिथेच संपला. खोटं मात्र त्या दिवसापासून ट्वायलाच्या घरात राहायला आलं.

खरी गोष्ट अशी होती, की १९४८ ते ५० ही दोन वर्षं ट्वायला गावाबाहेरच्या कारखान्यात टर्की पक्ष्यांची पिसं उपटत होती. शेजारच्याच स्टुलावर तिची बालमैत्रीण लव्हॉन पेट्स्का बसायची. दोघींची बोटं गरम पाण्याने सोललेली असायची. त्याच बोटांनी त्या एका कागदातली सॅंडविचं अर्धी अर्धी खायच्या.

खोटं बोलायची गरजही नव्हती, हे यातलं सगळ्यात वाईट. कॉलेजात मुलींची ग्रीक अक्षरांच्या नावाची मंडळं असतात, तसंच हे मंडळ होतं. पण ते कॉलेजची पायरी न चढलेल्या बायकांनीच उभं केलेलं होतं. महिन्यातून दोन मंगळवार बारा जणी जमायच्या. प्रत्येक वेळी एकीच्या घरी बैठक आणि दुसरीचं भाषण. ट्वायला एरवी धान्याच्या कोठारावर वजनकाट्याच्या ऑफिसात बसून ट्रकवाल्यांच्या पावत्या फाडायची. इथे येऊन तिने चक्क नाईल नदीवर अर्धा तास भाषण केलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला ओळखणारी अकरा घरं होती. ती गमवायची तिची तयारी नव्हती.

आणि १९७४ च्या मार्चमध्ये मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ आर्डिथ क्यूल यांनी नवं नाव सुचवलं. लव्हॉन पेट्स्का.

लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होती. नवरा नऊ वर्षांपूर्वी घटस्फोट देऊन निघून गेला होता. ती दोन वर्षं ट्वायलाला सांगत होती, माझं नाव सुचव ना गं. ट्वायला म्हणायची, बघते, सध्या जागा नाही. आता आर्डिथबाईंनी आपणहून सुचवलं, तर लव्हॉनची खात्रीच पटली, की यामागे ट्वायला आहे. दुसऱ्या दिवशी ती वजनकाट्यावर हजर झाली. हातात दालचिनीच्या रोल्सचा गरम ट्रे होता. शाळेत चिलीबरोबर, म्हणजे राजमा-मांसाच्या तिखट रश्श्याबरोबर, हेच रोल्स असायचे, आणि त्या दिवशी एकही पोर गैरहजर राहत नसे.

"मला माहीत होतं, ट्वाय. तू बोलत नाहीस, पण करतेस."

"अगं, मी काही केलं नाही," ट्वायला म्हणाली. हे मात्र खरं होतं.

लव्हॉन दारातच उभी होती. म्हणाली, "तुला हसू येईल. मला भाषणं-बिषणं काही नको. दोनशे चाळीस पोरांना मी उभ्याने वाढते. घरी जाऊन उभ्यानेच खाते. मला फक्त कुणाच्या तरी घरी बसायचंय, आणि कुणीतरी माझ्या हातात कप द्यायचाय. नऊ वर्षांत दिला नाही गं कुणी."

ट्वायलाला हसू आलं नाही. घेतलेला रोल तिने पुन्हा ट्रेत ठेवला. हिने एकदा बोलता बोलता टर्कीचा विषय काढला तर? एवढंच तिच्या डोक्यात होतं.

उमेदवाराला ओळख म्हणून एकदा चहाला बोलवायची मंडळाची पद्धत होती. तो चहा आर्डिथबाईंच्या घरी झाला. लव्हॉनने निळा पोशाख घातला होता आणि केस सेट करून घेतले होते. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. आर्डिथबाईंनी स्वतः कप तिच्या हातात दिला, तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी घेतला. ट्वायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला सॅंडविचं मांडत होती. ऐकू काही येत नव्हतं. दिसत तेवढं होतं, की औषधदुकानवाल्यांची बायको मार्व्हल लव्हॉनला काहीतरी विचारते आहे, लव्हॉन कप बशीत ठेवते आहे, बोलते आहे, मग मार्व्हल आणि आर्डिथबाई दोघी खळखळून हसतात आणि तिघीही ट्वायलाकडे बघतात.

ट्वायलाच्या हातातलं सॅंडविच मोडलं. झालं, तिला वाटलं. सांगितलं हिने.

पुढच्या मंगळवारी मतदान होतं. त्याची एक लाकडी पेटी होती, पुढच्या भोकाला काळा पडदा. आत हात घालायचा आणि वाडग्यातली पांढरी गोटी किंवा काळा चौकोनी ठोकळा उचलून मागच्या कप्प्यात टाकायचा. कुणी काय टाकलं ते शेजारणीलाही कळत नसे. एक काळा ठोकळा निघाला, की नाव पडलं. कारण कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. चार वर्षांत काळा निघाला नव्हता, त्यामुळे पेटी फिरताना बायका लोणच्याच्या पाककृतींवर बोलत होत्या.

पेटी ट्वायलापाशी आली. तिने हात आत घातला. गोटी गुळगुळीत होती, ठोकळ्याला कोपरे होते. चूक होण्यासारखं काही नव्हतंच. तिने कोपरे ओळखले, उचलले आणि टाकले.

आर्डिथबाईंनी मागचा कप्पा उघडला आणि आत पाहिलं. मग त्यांनी तो मिटला. "नाव मागे घेतलं आहे," त्या म्हणाल्या. लोणच्याचं बोलणं थांबलं.

लव्हॉनला पत्र गेलं, की सध्या मंडळात जागा नाही. ते घेऊन ती ट्वायलाकडेच आली; दुसरीकडे कुठे जाणार? ती रडली नाही. खुर्चीत बसून पत्राची घडी घालत आणि उलगडत राहिली.

"जागा आहे, हे मला माहीत आहे. चहाला आर्डिथबाईच म्हणाल्या, तुमच्यातली ग्लॅडिस वारल्यापासून एक खुर्ची रिकामी आहे. मग काय चुकलं माझं? हाताला कांद्याचा वास येत होता का? मी लिंबाने धुतले होते गं."

तेव्हाही बोलता आलं असतं. ट्वायलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. घटस्फोटाचं असेल. काही जणी जुन्या वळणाच्या आहेत. आता ती मार्व्हलच घे..."

पुढचं बोलायची गरज पडली नाही. त्या दिवसापासून लव्हॉन रक्तदाबाच्या गोळ्या मार्व्हलच्या दुकानातून घेईनाशी झाली. बत्तीस मैलांवरच्या गावी जाऊन आणू लागली. एका खोट्याच्या रखवालीला दुसरं ठेवलं, की असं होतं. पहिलं आपल्या घरात राहतं, दुसरं मात्र शेजाऱ्याच्या घरात शिरतं.

एप्रिलच्या सुरुवातीला आर्डिथबाई वजनकाट्यावर आल्या. वय एकाहत्तर. ट्रकांच्या धुळीत त्यांनी रुमालाने खुर्ची पुसली आणि बसल्या. पेटी बंद करावी असं मनात आहे, एकेकीशी स्वतंत्र बोलते आहे, असं त्यांनी सांगितलं.

"ही पेटी मीच आणली होती," त्या म्हणाल्या. "छत्तीस साली, माझ्या नवऱ्याच्या क्लबातून. दुष्काळाने धुळीची वादळं उठायची, त्या वर्षांत आम्ही आठ जणी ग्रंथालयाच्या तळघरात जमायचो. आठवीच्या पुढे कुणी गेलेली नव्हती. मला वाटायचं, बायकांना मत द्यायची भीती वाटू नये, म्हणून पडदा हवा. पण झालं काय? जे तोंडावर सांगायची लाज वाटते, ते करायची सोय मी करून दिली. चांगल्या मताला पडदा लागत नाही, ट्वायला. अडतीस वर्षांत त्या पडद्याचा उपयोग वाईटालाच झाला."

ट्वायला पावत्यांचा गठ्ठा सरळ करत राहिली. हळूच म्हणाली, "एखादीला काही कारण असेल."

"असेल ना. ते माणसासमोर सांगून बघावं. निम्मी कारणं तोंडातून बाहेर पडायच्या आतच मरतात." आर्डिथबाई उठल्या आणि दारात थांबल्या. "मला वाईट तुझं वाटतं. तुझ्यावर किती जीव आहे तिचा. त्या दिवशी चहाला मार्व्हलने तिला विचारलं, ट्वायला कॉलेजला गेली तेव्हा तुम्हाला करमलं नसेल ना? तर तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, दर आठवड्याला पत्र यायचं तिचं कर्नीहून, सगळी जपून ठेवलीत. पत्रात अर्ध्याहून जास्त तक्रार तिथल्या जेवणाची असायची म्हणे. मी असते तर पोरींना उपाशी ठेवलं नसतं, म्हणाली. आम्ही हसलो. आणि म्हणाली, आमच्यात तेवढी एकच शिकली."

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. ट्वायलाला तो ऐकूच आला नाही.

एकही पत्र नव्हतं! लिहिणारी आणि वाचणारी शेजारशेजारच्या स्टुलांवर बसून पिसं उपटत होत्या. ट्वायलाचं खोटं लव्हॉनला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं होतं, चारचौघींत, हातात कप असताना. आणि कप बशीत ठेवण्याएवढ्या वेळात तिने ते आपल्या अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विनवलं नव्हतं. पुढे ती ट्वायलाकडे पत्र घेऊन आली, तेव्हाही तिने त्याचा एक शब्द काढला नव्हता.

पुढची बैठक मार्व्हलच्या घरी होती. हजेरी झाल्यावर ट्वायला उभी राहिली. काळा ठोकळा माझा होता, तिने सांगितलं. मी कॉलेजात कधी गेले नाही, तेही सांगितलं; आणि लव्हॉनपाशी मार्व्हलचं नाव मीच घेतलं, हेही. एवढं सांगायला तिला दोन मिनिटं लागली. त्यासाठी तिने सहा वर्षं घालवली होती.

मार्व्हल आधी बोलली. "अगं, या खोलीत कॉलेजात गेलंय कोण? मी तर शाळाही पुरी केली नाही." मग ती ट्वायलाकडे वळली. "तीन आठवडे लव्हॉन रस्त्यात मला पाहून पलीकडे जाते. मला वाटलं, आमच्याकडून औषधात काही चूक झाली. मी जुन्या वह्या काढून तपासल्या, ट्वायला."

ट्वायलाला काढून टाका असं एकीने सुचवलं. आर्डिथबाई म्हणाल्या, तिला काढणं सोपं आहे, आधी पेटी काढा. हात वर करून उघड मतदान झालं. बाराच्या बारा हात वर गेले. यापुढे कुणाला हरकत असेल, तर ती त्या उमेदवार बाईसमोर बसून सांगावी, असं ठरलं. लव्हॉनला बोलावणं द्यायचंही ठरलं, आणि ते ट्वायलाने घेऊन जावं, असंही.

शाळेचं जेवण आटोपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. लव्हॉन मोठा टोप घासत होती. ट्वायलाने सगळं सांगितलं. लव्हॉनचा हात थांबला नाही, फक्त हळू झाला.

"भांडी घासताना मी रोज एकेकीचं नाव घेऊन बघायचे," ती म्हणाली. "ही असेल, ती असेल. अकराही जणी झाल्या. तुझं नाव आलंच नाही कधी."

"पत्रांचं कशाला सांगितलंस?"

"तू तसं सांगितलं असशील, तर मी वेगळं कसं सांगणार? मैत्रीण होते ना तुझी."

त्यातलं 'होते' ट्वायलाला नीट ऐकू आलं. तिने बोलावण्याचं पत्र ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवलं. लव्हॉनने ते वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि परत दिलं.

"राग नाही गं. मार्व्हलला सांग, गोळ्या आता तिच्याकडूनच घेईन, माफी मागते म्हणावं. पण त्या खोलीत बसले, तर प्रत्येक वेळी कप हातात घेताना मी तुझ्याकडे बघेन. आणि ते मला जमणार नाही."

ट्वायलाने कोपऱ्यातल्या किटलीतून कॉफी ओतली आणि कप लव्हॉनपुढे धरला. शेजारीच एक स्टूल होतं. लव्हॉनने ओले हात एप्रनला पुसले, कप दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानेच प्यायली. मग कप विसळून पालथा घातला आणि म्हणाली, "दोनशे चाळीस ताटं पडलीत अजून."

आपल्यापैकी किती जणांच्या घरात, ऑफिसात, मंडळात अशी पडद्याची पेटी आहे, ते आपलं आपण तपासावं. ती लाकडाचीच असते असं नाही. न सांगितलेलं कारण, न केलेली सही, 'सध्या जागा नाही' असं पत्र, हे सगळे तिचेच कप्पे आहेत. ज्या नकाराखाली आपलं नाव लिहायची लाज वाटते, तो नकार देऊ नये, आणि दिला असेल तर वेळेत कबूल करावा. हॅव्हरलीत नियम एका संध्याकाळी बदलला. त्यानंतर मंडळात तीन बायका आल्या. त्यातली एक घटस्फोटित आहे, एक टर्कीच्या कारखान्यातली. ग्लॅडिसची खुर्ची मात्र रिकामी ठेवली आहे. ती कुणासाठी, हे सगळ्यांना माहीत आहे.

ट्वायला आता दर आठवड्याला लव्हॉनला एक पत्र लिहिते. दोघींच्या घरांत चारच गल्ल्यांचं अंतर आहे, तरी तिकीट लावून पोस्टात टाकते. पत्रात सगळं खरं असतं: आज किती ट्रक आले, बैठकीत कुणाचं भाषण पडलं, कारखान्यातल्या त्या स्टुलांवर आपण काय काय बोलायचो. आजवर एकाही पत्राचं उत्तर आलेलं नाही. पण एकही पत्र परत आलेलं नाही.