शेवटची खोबण

धाकट्याने नखाने पेटीचा तिसरा खण बाहेर ओढला, त्यातलं एक नाणं कडेने उचललं आणि उजेडात धरलं. तेही काळं पडलं होतं. पहिल्या दोन खणांतली काळी निघाली तेव्हा त्याने आधी चष्मा पुसून पाहिला होता. आता चष्म्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. बाराही खण उघडून झाले. खोबणीत बसवलेलं चांदीचं एकूण एक नाणं कोळशासारखं झालं होतं.

चाळीस वर्षं ही नाणी कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलेली होती. जुन्या कागदाच्या संगतीने चांदी सावकाश रंग धरते. आधी कडेला पिवळसर, मग गुलाबी आणि नशीब असेल तर एखाद्यावर निळा. तिथे घाई चालत नाही, घासपूस तर मुळीच नाही. म्हणून तो वर्ष वर्ष डबा उघडत नसे. ही नवी पेटी आल्यावरही आठ महिने त्याने तोच नेम पाळला, आणि तिथेच घात झाला.

पेटी दादाने केली होती. दादा सुतार. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अर्धांगाचा पहिला झटका येऊन गेल्यावर दादाने अर्धवट बधिर हाताने, वर्षभर खपून ही पेटी उभी केली. नाण्यांची मापं वहिनींनी काहीतरी निमित्त काढून नेली होती. प्रत्येक नाण्याला त्याच्या मापाची गोल खोबण, आणि नाणं हलू नये म्हणून खोबणीच्या तळाला रबर. "रबर मुद्दाम भारीतलं आणलंय," हे अकरा वर्षांनंतरचं दादाचं पहिलं वाक्य. महिन्याभरात दुसरा झटका आला आणि उजवा हात कायमचा गेला.

रबरात गंधक असतं, आणि गंधकाने चांदी काळी पडते. धाकट्याने तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, हा प्रयोग शेकडो मुलांपुढे मांडला. पण भाऊ परत मिळाल्याच्या आनंदात त्याची अक्कल चरायला गेली होती. आता ती नाणी घासली तर खालची चांदी खाल्लेली निघणार, नाही घासली तर अशीच राहणार.

एकच नाणं वाचलं होतं. शेवटच्या खणातली त्याची खोबण केसभर तंग झाली होती, म्हणून ते अजून पाकिटातच होतं; दादालाही त्याने ते तेव्हाच सांगितलं होतं. सगळ्यांत सुरेख रंग त्याचाच, गुलाबीतून निळ्यात गेलेला.

दुपारी दादा येणार होता. सांगावं तर त्याच्या हातचं शेवटचं काम नासलं असं त्याच्या तोंडावर म्हणायचं, आणि न सांगावं तर पेटी उघडायची कशी? काहीच ठरेना, तोवर वहिनी दादाला धरून दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी आता दादाची पथ्यं बंद केली होती. खावंसं वाटेल ते द्या म्हणाले होते.

"पेटी उघड की," खुर्चीत टेकता टेकता दादा म्हणाला.

"आधी चहा घे."

"चहा कुठे पळून चाललाय?"

धाकट्याने पहिला खण काढून त्याच्या मांडीवर ठेवला. एकदाचं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. दादा वाकून बराच वेळ बघत राहिला आणि मग वाकड्या झालेल्या ओठांनी हसला.

"अरे, यांनी तर रंग धरला! तुझ्या डब्यात चाळीस वर्षं नुसती पिवळट होत बसली होती. माझ्या पेटीत बघ, कशी एका दमात गडद झाली."

वहिनींनी एकदा नाण्यांकडे पाहिलं, एकदा धाकट्याकडे.

"हो रे," तो म्हणाला. "मला नाही जमलं ते तुझ्या पेटीनं केलं."

"आणि ती तंग खोबण? आण तो खण इकडे."

दादाने खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढला. वहिनींनी खण घट्ट धरला आणि दादा डाव्या हाताने खोबणीची कड घासायला लागला. पाऊण तास लागला. दोनदा कागद हातातून पडला, दोनदा वहिनींनी उचलून दिला. धाकटा समोर बसून होता. थांब म्हणण्याची त्याची हिंमत झाली नाही.

"घाल आता."

धाकट्याने पाकिटातून नाणं काढून खोबणीत ठेवलं. ते अलगद बसलं.

"बाकीच्यांसारखं व्हायला किती दिवस लागतील याला?"

"सात-आठ महिने."

"तेवढा मी कुठला पुरतोय," दादा सहज म्हणाला. "लवकर नाही का होत? एवढं एक पूर्ण झालेलं बघितलं असतं."

वहिनी पॉलिशपेपरची घडी घालत राहिल्या.

"बघतो काय करता येतं ते," धाकटा म्हणाला.

ते गेल्यावर त्याने शेवटचा खण पुन्हा ओढला. गुलाबी-निळी कड अजून शाबूत होती. नख लावलं असतं तर नाणं बाहेर आलं असतं. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण घरात एकट्याने मोठ्याने रडायचं म्हणजे कसं, ते त्याला कळेना.

त्याने खण आत सारला. मग दोन्ही हातांनी पेटी ढकलत, मध्ये दोनदा दम खात, उन्हाच्या खिडकीखाली नेली. ऊब लागली की चांदी लवकर काळी पडते.