मासळीबाजारातल्या पत्र्याची कबुली

मी एक जुना पत्रा आहे. आठ वर्षं रत्नागिरीच्या मासळीबाजारावर पडून आहे, खाऱ्या हवेनं अंगाची चाळण झाली आहे. मित्रांनो, इतर वस्तू आपलं कौतुक सांगतात. मी माझा गुन्हा सांगतो.

माझ्याआधी इथं माडाच्या झापांचा मांडव होता, चारी बाजूंनी मोकळा. पावसाळ्यात बायका पश्चिमेला झापांच्या झडी, म्हणजे आडोसे, बांधायच्या, दसऱ्याला सोडायच्या. मग समुद्राचा वारा थेट टोपल्यांपर्यंत यायचा. एकोणीसशे एकतीस साली घाटावरून आलेल्या ओव्हरसियरला तो मांडव गबाळा वाटला. त्यानं घाटावरच्या बाजाराचा नकाशा जसाच्या तसा इथं उतरवला. तिकडं पश्चिमेची भिंत दुपारचं ऊन अडवते. इथं तिनं वारा अडवला. आणि वर मी, मुंबईहून गलबतानं आलेला, चकाकणारा! माझी केवढी स्तुती झाली. स्तुती करणारे सगळे छत्रीखाली उभे होते.

चैत्रात मी तव्यासारखा तापलो. दहा वाजेपर्यंत बांगडे मऊ पडत, माणसं त्याच्याही आधी. मासळी विकणाऱ्या चिमाला सातवा महिना होता. एका सकाळी ती टोपलीवरच कोसळली. शेजारी बसणाऱ्या मासूमानं तिला बाहेर झाडाखाली नेलं, तोंडावर पाणी मारलं.

"मासूमा, पोर हलत नाय गो," चिमा पुटपुटली.

तेवढ्यात ओव्हरसियर आला. "बाहेर बसायचं नाही. आत व्हा!"

"जातो ना, रावसाहेब," मासूमा म्हणाली. "आधी तुमी बसा. चिमाची जागा रिकामीच हाय. ह्यो पाट घ्या."

"मला वेळ नाही."

"तिच्या पोटातल्याला तरी वेळ खय हाय?"

सगळा बाजार बघत होता. लाजेकाजेनं तो बसला. मी तापतच होतो, मला दुसरं येतं काय? त्यानं टोपी काढली, मग कोट. अर्ध्या तासात पाणी मागितलं.

"प्या," मासूमा म्हणाली, "पन उठू नका. आमी दुपारपातूर बसतो."

तो उठलाच. भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पाडा ती." चूक झाली असं म्हणाला नाही. अशी माणसं म्हणत नाहीत.

उन्हं कलल्यावर चिमानं मासूमाचा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. पोर हललं होतं. मासूमा तेवढी रडली.

भिंत गेली. बायकांनी माझ्यावर झापांचा जाड थर घातला. त्या वर्षी दसऱ्याला झडी सुटल्या तेव्हा चिमाची तान्ही राही माझ्याखाली झोळीत निजली होती, आणि वारा तिला झोके देत होता.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. गंजलो तर खुशाल फेकून द्या. माझ्याखाली बसणाऱ्यांची निगा राखा. उद्या तुम्ही गावं बांधाल. तेव्हा कागद पसरण्याआधी तिथल्या बाईला विचारा, "बये, वारा कुठून येतो?"